अहोरात्र व विनाखंड

४ मार्च, सोमवार

धाकटीचा प्रश्न तिसऱ्या नंबरवर लागला! फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, तिसरा." मी उभा होतो तो खाली बसलो.

सभागृहातला प्रश्नांचा तास साठ मिनिटांचा. दिवसाला पन्नास प्रश्न छापतात, तोंडी उत्तरं होतात पाच, फार तर सहा प्रश्नांची. बाकीचे कागदावर राहतात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. तिसरा म्हणजे मंत्र्यांना उभं राहून बोलावंच लागणार.

आमदार होऊन दीड वर्ष झालं तिला, आणि तोंडी होणारा हा पहिलाच प्रश्न. तोही आरोग्य खात्याला – माझ्या खात्याला! एकतीस वर्षं मी त्या खात्यात बसून आमदारांच्या प्रश्नांना मंत्र्यांसाठी उत्तरं लिहिली. सहा मंत्री बदलले, माझं टेबल बदललं नाही. कचेरीत माझ्या माघारी मला 'उद्भवत नाही' म्हणायचे, कारण माझी निम्मी उत्तरं तिथंच संपायची – "प्रश्न उद्भवत नाही." बायकोनं ते नाव घरी कधी आणलं कळलंच नाही. आज तिला बातमी सांगितली तर म्हणाली, "बरं झालं. प्रश्न आणि उत्तर एकाच घरात."

५ मार्च, मंगळवार

अधिवेशन असलं की धाकटी आमच्याकडे राहते, सभागृह इथून पायी पंधरा मिनिटं. आज जेवणाच्या टेबलावर शिकवणी घेतली.

तिच्या मतदारसंघाच्या पार शेवटच्या टोकाला, नदीपलीकडे, एक आरोग्य केंद्र आहे. त्यातलं प्रसूतिगृह बंद. बाळंतपणाला बायकांना पूल ओलांडून शहरात यावं लागतं, आणि सगळ्याच वेळेवर पोचत नाहीत. धाकटी दोनदा स्वतः जाऊन बघून आली. संताप खरा आहे तिचा. पण मंत्र्यांच्या उत्तरानंतर विचारायचा उपप्रश्न लिहून आणला होता तो पानभर!

मी म्हटलं, हे भाषण झालं. मंत्री यातलं सोपं वाक्य उचलणार, त्याचं उत्तर देणार आणि बाकीचं गिळणार. गिळायला मीच शिकवलंय त्यांना. 'का' विचारायचं नाही, 'का' म्हटलं की ते योजनांची यादी वाचतात. 'कधी' विचारायचं नाही, 'लवकरच' म्हणून खाली बसतात. 'खरं आहे का' विचारशील तर 'अंशतः खरे आहे' म्हणतील, आणि तो अंश कुठला ते ब्रह्मदेवालाही सापडणार नाही. हाताला लागेल अशी वस्तू विचार.

"वस्तू म्हणजे?"

"त्या खोलीला कुलूप आहे?"

"आहे. गंजलेलं."

"मग किल्ली कुणाकडे असते ते विचार."

तिनं पानभर मजकुरावर काट मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूला एवढंच लिहून घेतलं. ही ओट्याजवळून म्हणाली, "चोराच्या वाटा चोराला ठाऊक." तिघंही हसलो.

मजा आली. निवृत्त झाल्यापासून इतकी मजा आली नव्हती.

६ मार्च, बुधवार

उद्या. तिच्या कपड्यांना इस्त्री मीच केली, हिला हात लावू दिला नाही.

७ मार्च, गुरुवार

काय सांगू!

इतकी वर्षं मी त्या सभागृहात अधिकाऱ्यांच्या सज्जात बसलो, मंत्री अडकले की खाली चिठ्ठी पाठवायला. आज पहिल्यांदा समोरच्या सज्जात, लोकांमध्ये. तिकडून मंत्र्यांची पाठ दिसायची, इथून चेहरा दिसतो.

पहिला प्रश्न रस्त्यांचा, त्यानं बावीस मिनिटं खाल्ली. दुसरा शाळांचा. मी घड्याळावरून नजर काढली नाही. अकरा अडतीसला अध्यक्षांनी धाकटीचं नाव पुकारलं. मंत्री उठले आणि कागद वाचला – "हे खरे नाही. सदर प्रसूतिगृह अहोरात्र व विनाखंड सुरू आहे. प्रश्न उद्भवत नाही."

धाकटी उभी राहिली. "अध्यक्ष महोदय, मला एवढंच विचारायचं आहे. त्या प्रसूतिगृहाच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते?"

मंत्री हसले. म्हणाले, जे अहोरात्र सुरू आहे त्याला कुलूप कशाला असेल? तिनं फोटो वर धरले. एकात गंजलेलं कुलूप. दुसरा फुटक्या खिडकीतून काढलेला – आत छतापर्यंत मोडक्या खुर्च्या. "एकोणीस वर्षं ही खोली उघडलेली नाही. किल्ली कुठे आहे ते तिथल्या परिचारिकेलाही माहीत नाही. मंत्रिमहोदयांकडे असेल तर त्यांनी द्यावी."

सगळं सभागृह हसलं, त्यांच्या बाजूचेसुद्धा. मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या सज्जाकडे पाहिलं. चिठ्ठी आली नाही. तेवढ्यात तिनं शेवटचं सांगितलं – केंद्रानं बाळंतपणासाठी वेगळी परिचारिका चार वेळा मागितली. चारही वेळा नाही म्हटलं गेलं, कारण कागदावर प्रसूतिगृह व्यवस्थित चालू आहे, मग आणखी माणूस कशाला?

कारवाई मागून ती खाली बसली. अध्यक्ष म्हणाले, हे गंभीर आहे. मंत्री म्हणाले, पंधरा दिवसांत प्रसूतिगृह सुरू करू आणि सभागृहाला खोटी माहिती पुरवणाऱ्यावर कारवाई करू. बाकं वाजली. केवढी वाजली! मी शेजारच्या माणसाला म्हटलं, "माझी मुलगी आहे." तो म्हणाला, "कळलं हो, तिसऱ्यांदा सांगताय."

८ मार्च, शुक्रवार

सकाळपासून फोन. पेपरात तिचा फोटो, हातात कुलपाचा फोटो. हिनं कापायला कात्री मागितली, मी आधीच कापून ठेवला होता.

काल एक गोष्ट लिहायची टाळली. आजही टाळतो.

१० मार्च, रविवार

'अहोरात्र व विनाखंड' हे वाक्य माझं आहे.

मंत्र्यांनी वाचलं तेव्हा पहिल्या क्षणी काय वाटलं ते खरं लिहितो, इथं कोण वाचतंय. बरं वाटलं. आपलं जुनं वाक्य अजून चालतंय म्हणून बरं वाटलं! आणि मग धाकटी किल्ली विचारायला उभी राहिली.

एकोणीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका वयस्कर आमदारांनी विचारला होता. उत्तर पाचच्या आत मंत्र्यांच्या कार्यालयात जायला हवं होतं आणि जिल्ह्याचा अहवाल आला नव्हता. मी फोन लावला. तिकडे कुणीतरी उचलला, म्हणाला, "डॉक्टर बदलून गेलेत, पण असेल की सुरू." 'असेल की' असं सरकारला लिहिता येत नाही. म्हणून मी लिहिलं – अहोरात्र व विनाखंड सुरू आहे. पाचला दहा कमी असताना कागद गेला. सचिव म्हणाले, "भाषा असावी तर अशी." मी घरी येऊन हिलाही वाचून दाखवलं होतं.

पुढे तो प्रश्न दोनदा आला. मागचं उत्तर काढायचं, तारीख बदलायची, पुढे पाठवायचं – कामाची पद्धतच ती. मागच्या उत्तरापेक्षा वेगळं लिहिलं तर शंभर खुलासे द्यावे लागतात. तेच लिहिलं तर कुणी विचारत नाही.

आणि निवृत्त होताना मोठ्या हौसेनं मी मागे काय ठेवलं? नमुना उत्तरांची फाईल. दोनशे बारा उत्तरं, विषयवार, अनुक्रमणिकेसह, सगळी माझ्या अक्षरात. निरोपाच्या दिवशी माझ्यापेक्षा त्या फाईलचंच कौतुक जास्त झालं. प्रसूतिगृह सत्त्याऐंशीव्या पानावर आहे. ते पान मी न बघता सांगू शकतो.

१२ मार्च, मंगळवार

निलंबन झालं. उत्तर तयार करणाऱ्या कर्मचारी बाईंचं. म्हणजे माझ्या टेबलावर आता ज्या बसतात त्यांचं.

धाकटी घरी आली ती खुशीत. "कधी नव्हे ते कुणीतरी जबाबदार ठरलं, बाबा." मी हो म्हटलं.

त्या बाई माझ्या शेवटच्या वर्षी लागल्या. काम मीच शिकवलं. घरी दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू, तरी कधी उशिरा आल्या नाहीत. दुपारी त्यांचा फोन आला होता. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, ताई बोलल्या ते बरोबरच बोलल्या. मी जाऊन बघायला हवं होतं." मग म्हणाल्या, "मजकूर कुठून घेतला विचारत होते. मी म्हटलं, जुन्या फाईलमधून. तुमचं नाव नाही घेतलं."

मी म्हटलं, "बरं."

बरं! जन्मभर शब्दांवर पोट भरलं आणि ऐन वेळी तोंडातून निघाला तो हा शब्द. मला माझी लाज वाटते.

१३ मार्च, बुधवार

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "मला आठवतंय. तुम्ही वाचून दाखवलंत तेव्हा मी विचारलं होतं, जाऊन बघितलंत का?"

"मी काय म्हटलं होतं?"

"काय म्हणणार? प्रश्न उद्भवत नाही."

थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या तिला सांगा. मी सांगणार नाही. आणि जेवायच्या आधी सांगा, नाहीतर तुम्ही रात्रीवर ढकलाल, मग सकाळवर."

१४ मार्च, गुरुवार

सांगितलं. ती नुकतीच आत आली होती, पिशवी खांद्यावरच होती. सगळं ऐकेपर्यंत उतरवली नाही.

"बाबा, मी भर सभागृहात कारवाई मागितली."

"हो."

"ती झाली. त्या बाईंवर."

"हो."

मी म्हटलं, मी सचिवांना पत्र लिहितो, सगळं अंगावर घेतो, तुझं नाव कुठे येणार नाही. तर म्हणाली, "माझं नाव कसं येणार नाही? आडनाव एकच आहे आपलं. काय म्हणतील माहीत आहे? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून." हे ती ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. मग म्हणाली, "ते किल्लीचं तुम्हीच सुचवलंत. तेव्हा तरी आठवलं नाही?"

नाही आठवलं. खरंच नाही. एकतीस वर्षांत इतकी उत्तरं लिहिली की त्यातल्या जागा मला जागा वाटायच्याच बंद झाल्या. हे तिला सांगितलं. बचाव म्हणून नाही, पण तिला तसंच वाटलं असणार. न जेवता गेली.

१६ मार्च, शनिवार

धाकटी मैत्रिणीकडे राहते आहे. हिला फोन करते, मला नाही.

१८ मार्च, सोमवार

बसनं नदीपलीकडे गेलो. एक तास दहा मिनिटं. बस कचेरीच्या दारातूनच सुटते, दर अर्ध्या तासाला. माझ्या खिडकीतून ती रोज दिसायची. धाकटीच्या निवडणुकीतसुद्धा मी इकडे आलो नव्हतो – प्रचाराच्या कार्यालयात बसून मतदारयाद्या तपासत होतो, आणि ते काम चोख केलं म्हणून खूश होतो.

केंद्र लहान आहे, पिवळ्या भिंतींचं. प्रसूतिगृहाचं कुलूप तोडून झालंय. खुर्च्या बाहेर उन्हात काढल्यात, रंगारी आत भिंत खरवडत होता. खोली केवढी असेल? आमच्या बैठकीच्या खोलीएवढी. खिडकी नदीकडे उघडते. मी दारात उभा राहिलो, आत पाय टाकवला नाही.

ओसरीवर परिचारिका एका चार वर्षांच्या पोरीचं वजन करत होती. आई शेजारी उभी. परिचारिका म्हणाली, "ही आमची पुलावरची. रिक्षात झाली, पुलाच्या मधोमध." सगळे तिला पुलावरचीच म्हणतात, आईसुद्धा. पोरगी वजनकाट्यावर उड्या मारत होती आणि काटा धड थांबत नव्हता.

मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, छान आहे, गुटगुटीत आहे. परिचारिका म्हणाली, "ही वाचली. सगळी नाही वाचली." वहीत वजन लिहिता लिहिता म्हणाली, अगदी साधेपणानं.

पोरीनं मला विचारलं, "तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"मग कोण आहेस?"

तिला काय सांगणार होतो? बस आली असं म्हटलं आणि निघालो. बस यायला अजून वीस मिनिटं होती.

१९ मार्च, मंगळवार

सचिवांना पत्र लिहिलं. दीड पान. उत्तर मी लिहिलं, न बघता लिहिलं, नमुना म्हणून मागे ठेवलं, बाईंनी पद्धतीप्रमाणे उतरवलं, त्यांना कामावर परत घ्या. पहिल्या खर्ड्यात 'तत्कालीन परिस्थिती विचारात घेता' असं आलं होतं, ते खोडलं. सवय जाता जात नाही.

स्वतः नेऊन दिलं. पोच घेतली.

२२ मार्च, शुक्रवार

खात्याचं उत्तर आलं, तीन दिवसांत! उघडलं. "आपल्या पत्राच्या अनुषंगाने माहिती गोळा करण्यात येत आहे."

फाईलचं पहिलं पान. तेही माझंच.

हसू आलं आणि मग आलं नाही. मी या वाक्यानं किती माणसांना परत पाठवलं असेल. आता बाईंचं प्रकरण वर्षभर असंच पडून राहणार, हे माझ्याइतकं कुणाला कळतं?

२४ मार्च, रविवार

धाकटी आली. दहा दिवसांनी. हिनं काही न विचारता तिचं पान वाढलं. मी सचिवांचं उत्तर तिच्यापुढे ठेवलं. वाचलं, घडी घातली. म्हणाली, "मी काल केंद्रावर गेले होते. परिचारिका सांगत होती, एक आजोबा येऊन गेले, दारातच उभे राहिले, कोण ते न सांगता निघून गेले. मी विचारलं, चष्म्याला दोरी होती का?"

होती. आहे.

जेवून हात धुऊन आली आणि पुसता पुसता म्हणाली, "बाबा, मी विचारलं तर उत्तर द्याल?"

"देईन."

"अंशतः नाही चालायचं."

"नाही."

"माझ्या पक्षातले म्हणतायत, गप्प राहा. विषय आपला झाला, वाहवा मिळाली, आता कशाला उकरतेस." टॉवेल नीट दांडीवर टाकला. लहानपणापासून तसाच टाकते, कडा जुळवून. "मी त्यांना म्हटलं, वाहवा खोटी आहे."

ती गेल्यावर ही म्हणाली, "कुणावर गेलीय कोण जाणे." आणि मग हसली, कारण आपल्यावर गेलीय हे तिला पक्कं ठाऊक आहे. माझ्यावर कामाचा नेटकेपणा गेला असेल फार तर. बाकी सगळं तिकडचं. पण अभिमान वाटायला कुणावर गेली हे कशाला बघायला हवं?

२७ मार्च, बुधवार

खात्याचा शिपाई घरी आला. धाकटीचा नवा प्रश्न अध्यक्षांनी तातडीचा म्हणून घेतलाय, उद्याच उत्तर द्यायचंय. माझं म्हणणं लेखी हवं. "पाचच्या आत, साहेब."

कागद वाचला –

"सन्माननीय आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :

(१) प्रसूतिगृह 'अहोरात्र व विनाखंड' सुरू असल्याचे उत्तर मुळात प्रत्यक्ष पाहणी न करता लिहिण्यात आले होते, हे खरे आहे काय;

(२) ते लिहिणारे निवृत्त कक्ष अधिकारी हे हा प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांचे वडील आहेत, हे खरे आहे काय;

(३) असल्यास, निलंबित कर्मचारी महिलेस शासन तत्काळ कामावर घेणार आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

तिसरं सरकारनं बघावं. माझी दोन मी तिथंच उभ्या उभ्या लिहिली.

(१) होय, हे खरे आहे.

(२) होय, हे खरे आहे.

शिपायानं कागद हातात घेतला, बघितला. म्हणाला, "साहेब, दुसऱ्या उत्तराचं अक्षर जरा मोठं आलंय."

म्हटलं, राहू दे.